खंडेनवमीला धुतलेली खुर्ची

महादेवचे पैसे द्यायचे की नाही, यावरून शनिवारी सकाळी आमच्या घरात जे झालं ते सांगतो. आधी माझी बाजू ऐकून घ्या, मग काय म्हणायचं ते म्हणा. तशी माझी बाजू आता फारशी उरलेली नाही. पण सांगायला काय जातंय.

मी प्रभंजन. भूमापन खात्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. धारवाडात माळमड्डीला घर, घरात मी, बायको मधुवंती आणि मुलगी वेदश्री. वेदा सव्वीस वर्षांची आहे. अकराव्या वर्षापासून तिच्या पायांतली ताकद कमी होत गेली, आता पाय नावालाच. हात आणि डोकं मात्र माझ्यापेक्षा तल्लख. घरी बसून तिनं चार वर्षं शिकवण्या घेतल्या आणि त्या पैशातून स्वतःची बॅटरीवरची खुर्ची घेतली. मी म्हटलं होतं, अर्धे मी घालतो. ती म्हणाली, नको अप्पा, ही माझी.

जूनपासून ती कॉलेजच्या लायब्ररीत कामाला लागली. कंत्राटी का होईना, पण नोकरी. घरापासून सव्वा किलोमीटर. रोज सव्वानऊला डबा मांडीवर ठेवून ती एकटी निघायची. पहिले आठ दिवस मी चोरासारखा मागून जायचो. नवव्या दिवशी तिनं कोपऱ्यावर खुर्ची वळवली आणि म्हणाली, "अप्पा, घरी जा. लोक हसतात." मी आलो घरी. त्यानंतर फाटकापर्यंतच जायचो. ती वळणावर हात वर करायची, मागं न बघता. खोटं कशाला बोलू, मला त्या हाताची सवय लागली होती.

आता खंडेनवमीचं सांगतो. आमच्या हुबळी-धारवाडात त्या दिवशी चाकाचं काहीही धुतल्याशिवाय सोडत नाहीत. बस असो, रिक्षा असो, पोराची सायकल असो, धुवायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. मी दरवर्षी स्कूटर धुतो. यंदा म्हटलं, घरातलं खरं वाहन तर वेदाची खुर्ची आहे, तिची पूजा आधी. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं, तेही भरपूर. पाईप लावला आणि घेतली धुवायला. चाकं झाली, पाय ठेवायची फळी झाली. सीटखाली एक काळी पेटी आहे, तिच्या फटीत चिखल वाळून बसला होता. तिथं पाईपच्या तोंडाशी अंगठा धरून जोरात धार मारली. वेदा व्हरांड्यात बसून बघत होती. म्हणाली, "अप्पा, पेटीवर नको." मी म्हटलं, "पस्तीस वर्षं सरकारची यंत्रं सांभाळली मी. मला शिकवू नकोस."

आणि खरंच सांभाळली होती. मोजणीच्या दुर्बिणीवर पावसाचा थेंब पडला तर मी हाताखालच्या माणसाला फाडून खायचो. तोच मी. डोकं कुठं गहाण पडलं होतं त्या दिवशी, देव जाणे. पण मी खुशीत होतो हो. लेकीची खुर्ची माझ्या हातानं उजळत होती. चाकाखाली लिंबू ठेवलं, वेदानं त्यावरून खुर्ची नेली, मधुवंतीनं ओवाळलं. फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी शेजारी सोनं म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला वेदा निघाली आणि रस्त्याच्या मध्यावर खुर्ची थांबली. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. मी आणि शेजारचे शेषगिरीराव, दोघांनी तिला खुर्चीसकट ढकलत घरी आणलं. मोटारी बंद पडल्या की ती खुर्ची अशी जड होते, दम निघाला आमचा. वेदाच्या हातात पानं तशीच होती.

कंपनीचा फोन बेंगळूरचा. लावला. पलीकडच्या मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, पाणी लागलं होतं का, पाणी लागलं असेल तर गॅरंटी मिळत नाही. मी फोन ठेवून दिला. मग नवनगरचा महादेव आठवला. इन्व्हर्टर, बॅटरीच्या स्कूटर, असलं सगळं तो दुरुस्त करतो. हाताला गुण आहे त्याच्या, सगळे सांगतात. तो टेम्पो घेऊन आला, खुर्चीभोवती दोनदा फिरला आणि त्यानंही तेच विचारलं. "पाणीगिणी लागलं का, सर?"

वेदा आत झोपली होती. मधुवंती स्वयंपाकघरात होती. अंगणात आम्ही दोघंच.

मी म्हटलं, "छे. पाणी कुठलं?"

का म्हटलं ते विचारू नका. मीच स्वतःला तेव्हापासून विचारतोय. लाज वाटली, एवढंच. पोराच्या वयाच्या कारागिरासमोर कशाला आपली अक्कल उघडी पाडायची, असं वाटलं असेल. तोंडातून निघून गेलं आणि मग ते परत घेणं काही जमलं नाही. रोज वाटायचं, उद्या फोन करून सांगू. उद्या उजाडलं की वाटायचं, तो हुशार आहे, त्याला कळेलच की.

महादेव म्हणाला, "मग बरं झालं. सीटखालची ती कंट्रोलरची पेटी कंपनीनं सील केलेली असते. उगीच फोडायला नको. बॅटरी नाहीतर मोटार असणार." आणि खुर्ची घेऊन गेला.

कॉलेजला दसऱ्याची सुट्टी होती, सोमवारी उघडणार होतं. त्यामुळे घरात सगळ्यांचं लक्ष सोमवारकडे. वेदा रोज संध्याकाळी महादेवला फोन करायची. तो सांगायचा, "अक्का, बॅटऱ्या नव्या घातल्या, आज बघतो." मग, "मोटारीचे कार्बन बदलले, आज बघतो." मग, "वायरिंग सगळं काढून बघतोय." ती म्हणायची, "सोमवारपर्यंत होईल ना हो?" आणि तो बिचारा म्हणायचा, "करू की, अक्का." मी तेवढ्या वेळात पेपर वाचत बसायचो. एकच बातमी तीनदा.

शनिवारी सकाळी तो खुर्ची घेऊन आला. टेम्पोतून उतरवली तेव्हाच त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. म्हणाला, "सर, हात टेकले. मला जमलं नाही. मजुरी एक रुपया नको. बॅटऱ्या आणि कार्बन माझ्या खिशातून आणलेत, तेवढे द्या. साडेनऊ हजार."

माझं डोकं फिरलं. आता मागं वळून बघतो तेव्हा कळतं की त्याच्यावर नव्हतंच फिरलं. पण त्या वेळी समोर तोच होता.

"खुर्ची चालते का?" मी विचारलं.

"नाही, सर."

"मग पैसे कशाचे? दहा दिवस ठेवून घेतलीस, रोज पोरीला आशा लावलीस. तुझ्या बॅटऱ्या काढून घेऊन जा, आमच्या जुन्या बसव."

"जुन्या बदल्यात देऊन टाकल्या, सर. त्याचे दोन हजार वजा करूनच सांगितलेत."

"कुणाला विचारून दिल्यास?"

"अक्कांना विचारलं होतं."

मधुवंती बाहेर आली. हात पदराला पुसत म्हणाली, "अहो, देऊन टाका. त्यानं मेहनत केली आहे. सामान तर घातलंय ना."

"तू मध्ये बोलू नकोस. डॉक्टरनं रोगी मारला तरी फी द्यायची का?"

"रोगी काय मारला त्यानं? तोंडाला येईल ते बोलू नका."

मी ऐकतो थोडाच. मी त्याला तत्त्व सांगायला लागलो. काम होत नसेल तर पहिल्या दिवशी सांगावं, माणसानं प्रामाणिक असावं, आमच्या खात्यात असं चाललं असतं का. प्रामाणिक हा शब्द मी वापरला. दोनदा वापरला. महादेव मान खाली घालून उभा होता. शेवटी म्हणाला, "इरली बिडी, सर. राहू दे. नंतर जमेल तसं द्या." आणि पाना-स्क्रू ड्रायव्हरची पिशवी उचलायला वाकला.

तेवढ्यात खोलीतून वेदाचा आवाज आला. तिला पलंगावर उशीला टेकवून बसवलं होतं, दार उघडंच होतं. रागानं नाही, अगदी साधेपणानं तिनं विचारलं. बिचारी अजून मार्ग शोधत होती.

"अप्पा, त्या दिवशी पेटीत पाईपचं पाणी गेलेलं, ते तुम्ही त्यांना सांगितलंय ना?"

महादेवनं माझ्याकडे बघितलं. मधुवंतीनं बघितलं. मी खुर्चीकडे बघत राहिलो.

महादेवनं पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, जमिनीवर मांडी घातली आणि सीटखालच्या पेटीचं सील फोडलं. चार स्क्रू. झाकण निघायला दोन मिनिटं लागली असतील. आतल्या पट्टीवर हिरवट पांढरं साचलं होतं, बारीक तारा खाऊन गेल्या होत्या. फटीतून आत गेलेली झेंडूची एक पाकळी तळाशी चिकटली होती, तीही काळी पडलेली. त्यानं नखानं एक जागा खरवडून बघितली. तांब्याची रेघ नखाबरोबर निघून आली.

"दुरुस्त होईल?" मी विचारलं.

"आता नाही, सर."

"आधी उघडली असती तर?"

मनाचा चांगला माणूस, शब्द शोधत होता. "ओली असताना मिळाली असती तर ब्रशनं धुऊन, वाळवून... बहुतेक झालं असतं. नक्की कसं सांगू." मग त्यानं झाकण परत ठेवलं आणि जे म्हणाला त्यानं मी पार खचलो. म्हणाला, "माझं चुकलं, सर. तुमच्या जुन्या बॅटऱ्या चांगल्या होत्या. मी उगीच बदलल्या."

मी आत गेलो. कपाटातून पैसे काढले, साडेनऊ आणि मजुरीचे म्हणून वर तीन हजार. त्याच्यासमोर धरले. त्यानं साडेनऊ मोजून घेतले आणि बाकीचे मधुवंतीच्या हातात दिले, माझ्या नाही. अंगणातच उभं राहून त्यानं बेंगळूरला दोन फोन केले, हुबळीला एक. ही पेटी आता येत नाही, नवीन खुर्चीला वेगळी असते. कुठं जुनी मिळाली तर बघतो म्हणाला, दोन महिने लागतील, तीन लागतील, मिळेलच असं नाही. वेदाच्या दारात जाऊन तो "बरतीनी, अक्का, येतो" म्हणाला. ती म्हणाली, "तुम्ही खूप केलंत हो." मग तो गेला.

मी दिवसभर तिच्या खोलीत गेलो नाही. संध्याकाळी गेलो. म्हटलं, "वेदा, तू आधी का नाही बोललीस?"

"मला काय माहीत, अप्पा," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही पहिल्यांदा तेच सांगितलं असणार."

एवढंच. रडली असती, ओरडली असती, तर मला कुठं तरी तोंड लपवता आलं असतं. ती पुस्तक वाचत होती, पान उलटलं आणि पुढं वाचायला लागली.

सोमवारी माळ्यावरची जुनी घडीची खुर्ची काढली, ढकलायची. सव्वानऊला आम्ही निघालो. कॉलेजकडे जाताना चढ आहे. ती रोज हा चढ कशी चढत होती हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला तीन ठिकाणी थांबावं लागलं. ती म्हणाली, "दमला असाल तर थांबा की, अप्पा. घाई नाही." डबा तिच्या मांडीवर होता, दोन्ही हात डब्यावर.

कॉलेजच्या फाटकावर गोपाळ म्हणून वॉचमन आहे. जूनपासून रोज तिला बघणारा, तिच्याशीच बोलणारा माणूस. ती खुर्चीवरून कामाला यायला लागली तेव्हा त्यानं साहेबांच्या मागं लागून फाटकाजवळचा उंबरा फोडून घेतला होता, असं तीच सांगायची. तो आम्हाला बघून उठला, पुढं आला आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "सर, मॅडमना कुठं सोडायचं?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. मागून मला तिची मान थोडी वर झालेली दिसली.

आणि मी म्हणालो, "लायब्ररीत."

तिनं तोंड मिटलं. मी खुर्ची आत ढकलली.