उष्ण प्रकृतीचा मुलगा

"झाकणाला कोणी हात लावला?"

स्वयंपाकघराच्या दारातून मी विचारले. मातीच्या भांड्यावरचे झाकण बोटभर सरकलेले होते आणि त्या फटीतून वाफेची बारीक दोरी वर चढत होती. मंद आचेवरच्या सुपाचे झाकण मध्येच उघडायचे नसते. उघडले की त्यातला दम जातो. दक्षिण चीनमधल्या आमच्या शुंदेमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

माझी सून युक-लिंग अंगणात बांबूवर कपडे वाळत घालत होती. "मी इथंच आहे, आई," ती म्हणाली.

मी पुढे विचारले नाही. या घरात मला न विचारता झाकण उचलणारा एकच होता, माझा मुलगा वाय-लुन. माशांच्या तळ्यांवरचे पंप दुरुस्त करून तो दुपारी घरी येई, तेलकट हात विजारीला पुशी आणि भांड्यात नाक खुपशी. "आई, आज कोहळा!" जणू एरवी मी दुसरे काही शिजवीत असे! मी पळी त्याच्या मनगटावर मारी, तो हसे. उन्हाळा सरता सरता एका तळ्याच्या बांधावर तो कोसळला. तळ्याच्या मालकाने येऊन सांगितले की पंप मात्र त्याने आधी चालू करून दिला होता.

त्यानंतर झाकण रोज सरकलेले दिसू लागले. मी ते नीट बसवी आणि कोणापाशी बोलत नसे. गेलेल्या माणसाला टोकू नये. टोकले तर तो परत येत नाही.

वाय-लुन जन्मापासून उष्ण प्रकृतीचा. जरा ऊन लागले की त्याचे तोंड येई, डोळे लाल होत. म्हणून त्याच्यासाठी सालीसकट कोहळा, जव, गाजर, मक्याचे कणीस आणि चवीला संत्र्याची जुनी सुकलेली साल. सुतकामुळे सुपातली मांसाची हाडे वर्ज्य होती, पण बाकी सूप तेच ठेवले. पहिली वाटी, निळ्या काठाची, त्याच्या तसबिरीपुढे. उदबत्ती विझली की आम्ही दोघी जेवायला बसत असू. युक-लिंग आपली वाटी शेवटच्या घोटापर्यंत पिई, भांडी घाशी आणि मग पोटावर हात दाबून खिडकीशी बसून राही. तिच्या हातातली जेडची बांगडी आता कोपरापर्यंत वर जाई. पोर दुःखाने सुकते आहे, असा निर्णय मी दिला, आणि तिच्या वाटीत एक पळी जास्त वाढू लागले.

उत्तरेचे वारे सुटले त्या सकाळी मी बाजारात गेले. भाजीवाली साउ हिला मी तिच्या लग्नाआधीपासून ओळखते. तिची जीभ तिच्या सुरीहून धारदार आहे. माझा नवरा भावांत सहावा, म्हणून सारी गल्ली मला सहावी काकू म्हणते.

"सहाव्या काकू, परत कोहळा? अहो, थंडी पडली, लोक आल्याच्या गड्ड्यांवर तुटून पडलेत. हा कोहळा मी एकट्या तुमच्यासाठी आणते."

"मग काप आणि गप्प बस."

"कापते की. पण एक विचारू? रागवाल."

"रागावणारच आहे. विचार."

"तुमच्या घरात आता उष्णतेचं माणूस राहिलंय कोण?"

कोहळ्यावर टेकलेली तिची सुरी तशीच थांबली होती. तिने आवाज खाली आणला.

"सूनबाई परवा आली होती. कांद्याच्या पातीची जुडी देताना हात लागला तिचा. तळ्यातल्या माशासारखा गार. पोट रोज बिघडतंय पोरीचं. तुमच्यापुढे बोलायची नाही ती. उद्या तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला, तर अख्खी गल्ली म्हणेल, सहाव्या काकूंनी सून उपाशी मारली."

"उपाशी? माझ्या घरात?"

"भरल्या वाटीनं, काकू."

बाळंतिणीला काय द्यावे, खोकल्याला काय द्यावे, परीक्षेच्या दिवसांत मुलांना काय द्यावे, हे विचारायला गल्लीतल्या बायका माझ्या दाराशी येतात. आणि माझ्याच घरात, ऐन थंडीत, गार प्रकृतीच्या पोरीच्या पोटात मी रोज कोहळा ओतत होते. ज्याच्यासाठी शिजवीत होते, तो तसबिरीत होता.

"कोहळा राहू दे," मी म्हणाले. "कमळकाकडी दे. जाड बघून. कोनफळ, चवळी, सुकी लाल बोरे. आणि ते आले."

"कुठलं?"

"ज्याच्यावर लोक तुटून पडलेत, ते."

घरी येऊन मी युक-लिंगला हाक मारली. "हात दे."

तिने हात पुढे केला. साउ खोटे बोलली नव्हती.

"पोट दुखतं?"

"नाही, आई."

"मी सासू आहे, पोलीस नव्हे. खरं सांग."

"दुखतं."

"मग पीत का होतीस?"

तिने तसबिरीकडे पाहिले. "त्यांचं सूप होतं." मग मान खाली घालून म्हणाली, "झाकण मीच उघडत होते, आई. त्यांच्या शर्टांचा वास गेला आता. या वाफेत थोडा राहिलाय."

तिला रागे भरावे असे मला वाटले नाही. इतके दिवस घरात वावरणारे वाय-लुनचे पाऊल त्या वाक्यासरशी थांबले, एवढेच मला जाणवले. मी पिशवी ओट्यावर ठेवली.

तिची नजर पिशवीकडे गेली. "आज कोहळा नाही?"

"नाही."

"उद्या?"

"उद्याही नाही. आले ठेचायला घे."

ती हलली नाही. तिच्यापासून मी काय काढून घेते आहे, ते मला कळत होते; माझ्यापासूनही तेच जात होते. मी सुरीचे पाते आडवे धरून आले स्वतः ठेचले. थोड्या वेळाने ती शेजारी आली आणि बोरे फोडून बिया काढू लागली. बियांनी उष्णता चढते, म्हणून या घरात मी त्या नेहमी काढायला लावीत असे.

"बिया राहू देत," मी म्हणाले.

भांडे दुपारभर मंद आचेवर राहिले. ते शिजेपर्यंत आम्ही दोघीही त्याच्याजवळ गेलो नाही. तयार झाल्यावर मी दोन वाट्या भरल्या आणि झाकण हाताने दाबून नीट बसवले.

निळ्या काठाची वाटी तसबिरीपुढे ठेवली. "उष्ण आहे हो," मी त्याला सांगितले. "आले ठेचून घातले आहे, बोरे बियांसकट आहेत. पण आता तुला काही बाधायचे नाही."

आज उदबत्ती विझण्याची वाट न पाहता मी युक-लिंगला जेवायला बसवले. तिने वाटी दोन्ही तळव्यांत धरली. एक घोट, मग दुसरा. तिच्या ओठांवर घामाचे थेंब उभे राहिले आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ती रडते आहे की आले लागले आहे, हे मी विचारले नाही.

"आई," ती रिकाम्या वाटीत पाहत म्हणाली, "अजून आहे?"

"बस. मी आणते."

मी स्वयंपाकघरात गेले. झाकण बोटभर सरकलेले होते.

मागे वळून पाहिले. युक-लिंग जागची उठली नव्हती. अंगणाचे दार आतून बंद होते. फटीतून वाफ वर चढत होती, आल्याच्या आणि बोरांच्या वासाची, या घराला नव्या वासाची.

मी पळी हातात घेतली. मग वाटी भरली, आणि झाकण ठेवताना बोटभर जागा सोडली.