खालच्या तळीवरचे टाके

ते पत्र आलं त्या दिवशी इतिहास मंडळाचा पत्रव्यवहार बघणाऱ्या ग्रंथपालांनी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं. पण मायन्यापाशीच गाडी अडली. पत्र होतं नदीकाठच्या पाणचक्कीच्या शेवटच्या चक्कीवाल्याच्या मुलीचं. ओळख ना पाळख. ‘ताई’ लिहावं तर सलगी, ‘महोदया’ लिहावं तर नोटीस बजावल्यासारखं. उद्या बघू म्हणून त्यांनी पत्र शब्दकोशात ठेवलं आणि उद्याचा परवा होत होत वर्ष सरत आलं.

मागणं एवढंसंच होतं. ‘तुमचं इतिहास मंडळ आमची चक्की जपतंय असं कळलं. बाबांनी जाण्याआधी खालची तळी, तो दळायचा दगड, छिन्नीनं खाचा पाडून शेवटची टाकवली होती. त्या टाक्यांवरून एकदा हात फिरवायला यायचं आहे. खुणा आहेत ना अजून?’

तेव्हा ‘आहेत’ एवढं लिहून भागलं असतं. पण मंडळातली निवृत्त माणसं इरेला पेटली होती. त्यांनी पाटातला गाळ उपसला, चाकाच्या कुजलेल्या फळ्या बदलल्या आणि एके सकाळी झडप उचलली. चाक कुरकुरलं, शहारलं आणि फिरलं! टाळ्या पडल्या. गहू आत गेले. बाहेर आली ती नुसती चेंगरलेली भरड.

“हे पीठ नव्हे, कोंबड्यांची न्याहारी आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या पूर्वी मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही सगळ्यांना चौथीतलेच समजत.

वरची तळी उचलून बाजूला ठेवली. मंडळानं बोलावलेल्या पाथरवटानं खालच्या दगडावर तळवा टेकला. “गुळगुळीत झालाय. टाकवल्याशिवाय दळणार नाही. छिन्नीनं नव्या खाचा पाडतो, दोन दिवसांचं काम.”

“आणि जुन्या खाचा?” ग्रंथपालांनी कसंबसं विचारलं.

“त्या जाणारच की, काका.”

बाईंनी दाराकडे बोट केलं. तिथे पाटी होती : ‘मूळ वस्तूला कोणीही हात लावू नये.’ “अक्षर तुमचंच ना, ग्रंथपाल? मग तुम्हीच ठरवा. चक्की दळायला हवी की नुसती बघायला?”

चक्की दळावी म्हणून ग्रंथपालांचाच जीव तुटत होता. पण चक्कीवाल्याची लेक मुद्दाम येणार, आणि तिच्या हाताखाली परक्या माणसाचे टाके?

घरी बायकोनं ताट वाढता वाढता विषय काढला. “अहो, त्या शब्दकोशाला पोट सुटलंय. किती कच्चे मसुदे कोंबलेत त्यात?”

“काय लिहू तिला? तुझ्या बाबांची शेवटची खूण आम्ही खरवडली म्हणून?”

“खरवडण्याआधी ती आहे तरी कशी, ते नीट पाहिलंय का? का तेही पुस्तकातच?”

शब्द झोंबले. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल पातळ कागदाची गुंडाळी आणि मऊ शिसाची पेन्सिल घेऊन चक्कीत गेले. जुन्या कोरीव दगडांचे ठसे त्यांनी उमेदीत पुष्कळ घेतले होते. जायचंच असेल तर निदान कागदावर राहू दे. ते गुडघे टेकून बसले, तळीवर कागद पसरला आणि पेन्सिल आडवी धरून घासू लागले.

“काका, दगडाला मालिश करताय?” पाथरवटानं विचारलं. ग्रंथपाल लाजले, पण थांबले नाहीत.

कडेनं घासलं तिथे कागद सपाट करडा झाला, रेघ म्हणून उमटेना. ते आत आत सरकत गेले. मधल्या भोकापाशी मात्र कागदावर भराभर रेघा उठल्या. जवळजवळ, किंचित डावीकडे कललेल्या, एकाच हाताच्या.

“अहो, इकडे या!” ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाईसुद्धा धावत आल्या. “कडेचे टाके केव्हाच गेलेत. चक्कीवाल्यांनी स्वतःच दळून दळून झिजवले! राहिलेत ते इथे, मध्ये.”

पाथरवटानं कागद निरखला. “बरोबर. मधला भाग खोलगट असतो, तिथे दगडाला दगड लागत नाही. खरं दळण कडेलाच.”

“मग हा वीतभर भाग सोडून टाकवता येईल?”

“न यायला काय झालं? आधी कोणी म्हणालंच नाही. सगळे नुसते पाटीकडे बघत होते.”

दोन दिवस छिन्नी वाजत राहिली. मग झडप उचलली, चाक फिरलं आणि तळीचा आवाज बदलला. खडखड जाऊन संथ, भरदार घरघर लागली.

“ग्रंथपाल, हात पुढे करा,” बाई म्हणाल्या. या स्वरात हात पुढे केला की छडी मिळते, हे गावातली निम्मी माणसं जाणून होती. त्यांनी भीत भीत केला. तळव्यावर मूठभर पीठ पडलं. मऊ, कोमट. “ही पाटी आता काढा,” बाई म्हणाल्या, “आणि दुसरी लिहा. ‘चक्की चालू आहे.’ मोठ्या अक्षरात.”

ग्रंथपालांना हसू आवरेना. त्यांनी पिठाच्या हातांनीच पाटी दारावरून उतरवली.

घरी जाऊन ते तसेच पिठाळलेल्या हातांनी टेबलाशी बसले. या वेळी मायना अडला नाही. ‘चक्कीवाल्यांच्या लेकीस, सप्रेम नमस्कार. उशीर झाला. बाबांचे टाके आहेत, तळीच्या मध्यभागी, तुमचा पंजा मावेल एवढ्या जागेत. ठसा सोबत जोडला आहे. बाकीची तळी आम्ही नव्यानं टाकवली आणि चक्की दळते आहे. दळण घेऊन या.’

“वाचून दाखवू का?” त्यांनी बायकोला विचारलं.

“मुळीच नको. वाचलंत की खोडाल.”

ते उठले, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकून आले. पाकिटावर त्यांच्या अंगठ्याचा पिठाचा ठसा तसाच राहिला होता.