तक्रार खिडकीच्या आतली बाई

तक्रार खिडकीवर बसणाऱ्या माणसाने स्वतःची तक्रार कुठे नोंदवायची, हे कुणीच सांगत नाही!

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात ती सहा वर्षं त्या खिडकीत बसत होती. मुख्य जलवाहिनी फुटून तीन दिवस झाले होते. रांग दाराबाहेर गेली होती. एका गृहस्थाने काउंटरवर हात आपटला. "दिवसभर करता काय तुम्ही? खुर्च्या उबवता?"

तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर नुकतंच साहेबांचं परिपत्रक चिकटवलं होतं : 'हसतमुख राहा, कृतज्ञ राहा.' ते वाचून ती आणखीच पेटली.

गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले फिटरकाका कामाचा कागद द्यायला आत आले, तसा तिचा तोल सुटला. "हसा म्हणे! डोंबल! एकटी किती जणांना तोंड देऊ?"

"तुला शिव्या समोरून तरी मिळतात," काका म्हणाले. "मी खड्ड्यात असतो, माझ्यावर त्या वरून पडतात."

तिला हसू आलं नाही. उलट रागच आला.

संध्याकाळी घरी आली, तर स्वयंपाकघरात पाणीच पाणी. जपून ठेवलेली एकुलती एक बादली सासऱ्यांच्या हातून कलंडली होती.

"बाबा, दिवसभर करता काय तुम्ही घरात?"

सत्तरी ओलांडलेले सासरे फडकं घेऊन खाली वाकले आणि फरशी पुसू लागले. ती जागीच थिजली. हे शब्द कुणाचे? हा आवाज कुणाचा? काउंटरवर हात आपटणारा तो माणूसच जणू तिच्या तोंडून बोलला होता! तिने फडकं घ्यायला हात पुढे केला, पण माफीचा शब्द काही फुटेना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने सगळं काकांना सांगितलं.

"वड्याचं तेल वांग्यावर निघालं म्हणायचं," काका म्हणाले.

"मग काय, राग गिळायचा? साहेब म्हणतात तसं गोड हसायचं?"

"छे! जिथे चुकतंय तिथे ठणकावून बोलायचं. पण राग कुणाचा आणि निघतोय कुणावर, ते आधी बघायचं. गंजलेला नट रागाने फिरवला की आटे जातात. म्हणून मी पान्हा लावला की आधी माझा जबडा बघतो. आवळलेला असला तर तो सैल करतो, मग नट."

"आणि कृतज्ञता?"

"ती भिंतीवर चिकटवून येत नाही गं. काल खड्ड्यात मला कुणीतरी वरून तांब्याभर पाणी दिलं. पाण्याची टंचाई असताना! शंभर शिव्यांत तो एक तांब्या मी विसरत नाही. शिव्या काय, आपोआप लक्षात राहतात."

दुपारी तोच गृहस्थ पुन्हा आला आणि पुन्हा गरजला. तिने जबडा चाचपला. दगड झाला होता! एक श्वास घेतला.

"ओरडून पाणी आलं असतं, तर मीच आधी ओरडले असते हो. आमच्याही घरी थेंब नाही! तुमच्याकडे कोण कोण आहे?"

तो गडबडला. मग हळूच म्हणाला, "आई. अंथरुणाला खिळलेली."

"मग आधी टँकरच्या यादीत तुमचं नाव घालते. जोडणी संध्याकाळपर्यंत होईल, असं फिटर म्हणतात. खात्री मात्र देत नाही."

तो 'आभारी आहे' म्हणाला नाही. पण जाताना आवाज न करता गेला.

मग तिने साहेबांना पत्र लिहिलं : खिडकीवर आणखी एक माणूस हवा, आणि दुरुस्तीची वेळ बाहेर फळ्यावर लिहावी. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण फळा लागला. माणूस अजून मिळालेला नाही. तिने दुसरं पत्र लिहिलं आहे.

तो गृहस्थ परत आला होता, त्याच दिवशी संध्याकाळी ती सासऱ्यांपाशी बसली. "बाबा, काल चुकलं माझं."

"अगं, त्या निमित्ताने फरशी तरी धुतली गेली!" ते म्हणाले, आणि दोघंही हसत सुटली.

वाचकहो, राग आपल्या सगळ्यांनाच येतो, आणि कितीदा तो खराही असतो. पण वरून आलेला घाव खालच्या माणसाच्या अंगावर ढकलायचा नाही, एवढं ज्याला जमलं, तोच खंबीर. क्षणभर स्वतःकडे बघा, हसता आलं तर हसा, मिळालेलं चांगलं आठवा. आणि मग, जिथे बोलायला हवं, तिथे जरूर बोला!