खपल्या धरेपर्यंत

मालिनीच्या कमरेवर नागीण उठली तेव्हा माईंनी अंथरुणातूनच हुकूम सोडला, "गेरू लाव आधी! तोंड-शेपटी जुळली की माणूस संपतं." माई म्हणजे सासूबाई. अर्धांग होऊन अकरा महिने झाले, पण जीभ ठणठणीत! त्यांचं हगणं-मुतणं काढता काढता मालिनीचा पार पिट्ट्या पडला होता. त्यात आजच तिचे यजमान दिनानाथ लेकीला, मीनलला, आणायला बदलापूरला गेले होते. पहिलटकरीण पोर, आठवा सरलेला.

आग सोसवेना, तेव्हा मालिनी अंबरनाथ स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे गेली.

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या होत्या की. चाळीस वर्षं झाली त्याला."

"तोच विषाणू. गेला नव्हता, नसांत दडून बसला होता. शरीर थकलं की डोकं वर काढतो. ज्याला कांजिण्या झाल्या नाहीत, त्याला तुमच्या फोडांमुळे त्या होऊ शकतात. घरात आहे असं कोणी?"

मालिनीला मीनल आठवली. पोर लहान असताना कॉलनीत कांजिण्यांची साथ आली, तेव्हा तिने तिला महिनाभर जांभूळ गावी आत्याकडे ठेवलं होतं. आणि केवढी मिरवायची बाई, माझ्या पोरीच्या अंगावर एक फोड नाही म्हणून! घ्या आता.

"लेक येतेय, बाळंतपणाला."

"खपल्या धरेपर्यंत लांब ठेवा तिला. या दिवसांत कांजिण्या झाल्या तर तिच्या नि बाळाच्या जिवावर बेतेल."

मालिनी घरी पोचते न पोचते तोच रिक्षा दारात. तिने आतून कडी घातली आणि खिडकीतून ओरडली, "मीनल, उतरू नकोस! परत जा!"

"वेड लागलं का गं?" दिनानाथ खेकसले. "नागीण कधी लागते का कुणाला?"

मालिनीने डॉक्टरांचं सगळं सांगितलं. मीनलचा चेहरा उतरला. "पहिल्या बाळंतपणाला आले नि तू दार लावून घेतलंस," एवढंच म्हणाली आणि पदराने डोळे पुसत बसली. रिक्षा वळली.

आता रडू येईल, असं मालिनीला वाटलं होतं. कसलं रडू! तिला हायसं वाटलं. शेक-शेगडी नाही, तान्ह्याची जागरणं नाहीत. पोटच्या पोरीला दारातून परतवून लावलं आणि आपल्याला हायसं वाटतंय! तिची तिलाच लाज वाटली.

"सूनबाई, मीनल आली का गं?" माईंनी आतून हाक दिली.

"नाही," म्हणत मालिनी तिथेच फरशीवर आडवी झाली, आणि तिला लगेच झोप लागली.