सगळ्यात छोटी गोळी

“डिसेंबरात फुकट होतं. आठ दिवसांत मी काय श्रीमंत झालो?” मर्व्ह डफील्डने टोपी काउंटरवर आपटली.

व्हिक्टोरिया राज्यातल्या त्या गव्हाच्या गावात औषधांचं दुकान एकच. नोलीन तिथे एकतीस वर्षं काउंटरवर होती आणि दर दोन जानेवारीला कुणा ना कुणाकडून हे वाक्य ऐकत होती. नववर्षाच्या शुभेच्छा त्यामानाने कमीच.

“अरे, बाकीचे पैसे सरकार भरतं. पेन्शनरनं दर औषधाला सात डॉलर सत्तर सेंट द्यायचे. वर्षात छत्तीस झाली की पुढची फुकट. एक जानेवारीला पाटी कोरी.”

“म्हणजे आजारी पडायचं तर वर्षाच्या सुरुवातीला, आणि दणकून.”

“तसंच काहीसं.”

मर्व्हने खिसा उलटा केला. चोवीस डॉलर. औषधं पाच.

“पेन्शन पुढच्या गुरुवारी. आज तीनच नेतो. यातल्या कोणत्या दोन कमी महत्त्वाच्या?”

“ते मला सांगायची परवानगी नाही. फार्मासिस्टला विचार.”

फार्मासिस्ट मागे सरकारी खात्याला फोन लावून बसला होता. फोनमधली होल्डवरची बासरी पस्तीस मिनिटं वाजत होती.

मर्व्हने आयुष्यभर मेंढ्या कातरल्या होत्या. कळपातून मरतुकडी वेगळी काढणं त्याला ठाऊक होतं. त्याने पाचही खोकी उघडून गोळ्या मापल्या. “हिचे आणि हिचे पैसे सारखेच? मग ही मोहरीएवढी कोण घेईल?”

मोहरीएवढी गोळी रक्त पातळ करण्याची होती. नोलीनने ते खोकं बोटभर पुढे सरकवलं. त्याने मागे ढकललं. तिने पुन्हा सरकवलं.

“बुद्धिबळ खेळतेस का गं?”

“मर्व्ह, रॉन हीच घ्यायचा.”

“आणि रॉन कुठंय?”

रॉन तिचा नवरा. मर्व्हनेच त्याला खांदा दिला होता.

“मी भरते पैसे,” ती म्हणाली.

“चोवीस आहेत ना माझ्याकडं! भिकारी दिसतो का?” मोठ्या गोळ्यांची तीन खोकी घेऊन, उरलेल्या नव्वद सेंटची नाणी बोटाने नीट मोजून तो गेला. फोनमधली बासरी थांबली. लाइन कट झाली होती.

नोलीनने उरलेली दोन खोकी ‘ड’च्या खणात ठेवली. गुरुवार आला, पेन्शन पाण्याच्या पंपात गेली. दुसऱ्या गुरुवारच्या आत मर्व्हला मेंदूचा झटका आला. अंगणातच गेला, टोपीसकट.

फेब्रुवारीत त्याची मुलगी डॉट उरलेल्या गोळ्या परत द्यायला आली. “याचे पैसे मिळतात का?”

“नाही गं. नष्ट करायला पाठवतात.”

“बापानं खर्चून घेतल्या होत्या,” डॉट म्हणाली. “तीन-तीन.”

नोलीनने मोठ्या गोळ्या टाकाऊ औषधांच्या डब्यात ओतल्या. बराच वेळ खडखडल्या. मग ‘ड’चा खण रिकामा केला. खणात राहिलेल्या त्याच्या पावतीवर यंत्राने आपणहून छापलं होतं: मोफत होण्यास बाकी, तेहतीस.

तिने खोक्यांवरची मर्व्हच्या नावाची चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि हात धुवायला मागे गेली. नखातला डिंक काही केल्या निघेना.

काउंटरवर दुसऱ्याच कुणीतरी टोपी आपटली.

“डिसेंबरात फुकट होतं,” आवाज आला.

“हो,” नोलीन आतूनच म्हणाली. “आले.”