एकशे तीस पायऱ्यांचं गाणं

जाऊबाईंची क्रेन यार्डातली सगळ्यात उंच. केबिनपर्यंत एकशे तीस लोखंडी पायऱ्या. अकरा वर्षं त्या रोज दोनदा चढल्या, डबा काखेत मारून, खालच्यांना टोमणे मारत. मग फुप्फुसांत पाणी झालं. तीन आठवडे दवाखान्यात काढून घरी आल्या, तेव्हा पलंगापासून खिडकीपर्यंत जातानाही भिंत धरत होत्या.

कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. केबिनपर्यंत न थांबता चढून दाखवा, क्रेन तुमची. मध्ये थांबलात, तर गेटवरची पासाची खिडकी. पगार तोच.

"खिडकीत बसून ठप्पे मारू?" जाऊबाई घरी येऊन मला म्हणाल्या. "वीस-वीस टन लोखंड हवेतून नेलंय मी. आता कागद सरकवू?"

सरावासाठी एक तक्ता मिळाला होता. आज किती पायऱ्या सलग चढल्या तो आकडा, आणि पुढे घरातल्या माणसाची सही. भाऊजी कामानिमित्त सदा फिरतीवर, तेव्हा सही माझी.

आमच्या इमारतीला सात मजले, मजल्याला अठरा पायऱ्या. एकशे सव्वीस झाल्या.

"चार कमी पडतात की," मी म्हटलं.

"त्या चार तुझ्या देवाकडून आण. रोज एवढं बोलतेस त्याच्याशी, कधीतरी कामाचं बोल."

सकाळी सहाला आम्ही तळमजल्यावर जिन्याच्या दारात उभ्या राहायचो. सातपर्यंत माझं मौन असतं. वीस वर्षांचा नेम आहे. त्यामुळे फोन माझ्या हातात आणि बडबड त्यांची. चढायला त्यांना ठेका लागे. जाड आवाजाच्या एका बाईंचं पाच मिनिटांचं गाणं त्यांनी फोनवर शोधून काढलं होतं. त्याच्या तालावर पाय आपसूक पुढचं पाऊल टाकतो.

पण तिसऱ्या मजल्यावर गाणं अडायचं. जिना चहूबाजूंनी काँक्रीटचा, तिथे नेट येत नाही. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राही आणि जाऊबाई कठड्याला रेलून म्हणत, "बसला बघ तुझा फोन." अर्ध्या-एक मिनिटानं सूर फुटला की पुन्हा निघत. पाचव्यावर तोच प्रकार. मग सातवा मजला, एक टाळी, आणि लिफ्टनं खाली. खाली आल्यावर मी तक्त्यात लिहायची, सलग १२६, आणि सही करायची. असे नऊ दिवस गेले.

नवव्या दिवशी त्या वैतागल्या. "माझ्यापेक्षा या फोनलाच जास्त दम लागतो. जन्माची मौनीबाई तू, निदान याचं तोंड तरी बंद पडू देऊ नकोस. काहीतरी कर."

संध्याकाळी मी परगावी असलेल्या लेकीला फोन लावला.

"आई, गाणं उतरवून घे ना. डाउनलोड. गाण्याशेजारी खाली तोंड केलेला बाण आहे बघ, तो दाब. मग नेट असो नसो."

"असं घेतलेलं चालतं? चोरून घेतल्यासारखं नाही ना होत?"

"महिन्याचे पैसे भरतो ना आपण त्यासाठीच? आणि ते आपल्या मालकीचं होत नाहीच. त्यांच्याच ॲपमध्ये राहतं. महिन्यातून एकदा नेट चालू करून तोंड दाखवायचं, नाहीतर कुलूप घालतात."

"म्हणजे हजेरी."

"हो, हजेरी. ते तुला बरोबर जमेल."

मी बाण दाबला. तो हळूहळू भरत गेला आणि हिरवा झाला. खात्री म्हणून विमानाचं चित्र दाबून नेट पार बंद केलं आणि गाणं लावलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता वाजलं. काहीतरी मोठं साधल्यासारखं मी ते दोनदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी गाणं तिसऱ्या मजल्यावर अडलं नाही. जाऊबाईंनी खुशीत मागे वळून माझ्याकडे पाहिलं, पुढच्या चार पायऱ्या चढल्या आणि मटकन खाली बसल्या. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. गाणं मात्र चालूच होतं.

"बंद कर ते," त्या कशाबशा म्हणाल्या.

मी बंद केलं आणि खडूनं त्या पायरीवर रेघ ओढली. अठ्ठावन्नावी.

सातला माझं मौन सुटलं. पहिलं वाक्य काय बोलावं हे मी खाली येईपर्यंत जुळवत होते, तरी सरळच निघालं. "ताई, नऊ दिवस आपण थांबत होतो."

"फोन थांबत होता. मी नव्हते थांबत."

"फोन थांबायचा तेव्हा तुम्ही काय करत होता?"

मी तक्ता काढला, पट्टी ठेवून नऊही आकडे खोडले आणि प्रत्येकासमोर लिहिलं, 'तिसऱ्या व पाचव्या मजल्यावर थांबल्या.' खाली नव्यानं सही केली. दहाव्या ओळीत ५८.

"अगं, वेड लागलंय का तुला? हे बघून ते चढूसुद्धा देणार नाहीत मला. कोण आलं होतं आपल्या जिन्यात मोजायला?"

"सही माझी आहे, ताई."

"तुझी सही आणि माझी क्रेन," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. धाडकन नाही, हळूच. तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सहाला त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. आल्या. बोलल्या मात्र नाहीत, म्हणजे त्या दिवशी मौन दोघींचं. परीक्षेला चोवीस दिवस होते. मी खडूच्या रेघेच्या वर तीन पायऱ्या मोजून दुसरी रेघ ओढली आणि बोटानं दाखवली. नेम वाढवायचा तर एकदम वाढवायचा नसतो, एवढंच मला कळतं. त्यांनी रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चढल्या. एकसष्ट.

रोज तीन. पुढच्या आठवड्यात चौथा मजला मागे पडला. जिना झाडणारी बाई विचारायला लागली, पायऱ्यांवर कोणाची लेकरं रेघोट्या मारतात म्हणून. मी रोज संध्याकाळी नेट चालू करून ॲप उघडत होते. महिन्यातून एकदा पुरलं असतं, पण विषाची परीक्षा कशाला?

"झाली का फोनची सांजवात?" जाऊबाईंनी एकदा विचारलं. तेव्हा कळलं, राग गेला.

त्यांनी स्वतःही एक नेम धरला. गाण्याचं शेवटचं कडवं त्यांनी अजून एकदाही ऐकलं नव्हतं, कारण पाय थांबले की त्या फोन बंद करायला लावत. "ते केबिनमध्ये बसून ऐकणार," त्या म्हणाल्या. "तोवर माझ्यासमोर गुणगुणायचंही नाही. तू ऐकलंयस, मला ठाऊक आहे."

नव्या रेघांच्या तेविसाव्या दिवशी तीन पायऱ्या उरल्याच नव्हत्या, दोनच होत्या. त्या चढून त्यांनी सातव्या मजल्याची भिंत हातानं थोपटली, घोड्याची पाठ थोपटावी तशी.

परीक्षा पाळी सुरू व्हायच्या आधी, सकाळी साडेसहाला होती. माझं मौन चालू. मी सोबत गेले आणि तक्ता डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. त्यांनी खोडलेल्या ओळींवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

मी जाऊबाईंकडे पाहिलं. यार्डाचा मुकादमही पाहत होता. नजरचुकीनं झालं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मी थांबत होते," जाऊबाई म्हणाल्या. "नेट गेलं की गाणं थांबायचं, त्याच्या आडोशानं मी दम खायची. मलाच कळलं नाही. हिनं गाणं उतरवून घेतलं, तेव्हा उघडं पडलं. खोडलंय हिनंच. खालचे आकडे खरे आहेत."

डॉक्टरीणबाईंनी खालचे आकडे पाहिले. अठ्ठावन्न, एकसष्ट, चौसष्ट. "माझ्याकडे येणारे तक्ते इतके स्वच्छ असतात की मी ते वाचतच नाही," त्या म्हणाल्या. "हा वाचला. चला, मी मागून येते."

जाऊबाईंनी माझ्याकडून फोन घेतला, गाणं लावून तो खिशात टाकला आणि पहिलं पाऊल ठेवलं. लोखंडी पायऱ्या वाजतात, त्यामुळे खालून मोजता येत होतं. अठ्ठावन्न आली आणि गेली. ऐंशीच्या पुढे दोघींऐवजी एकीच्याच पावलांचा आवाज राहिला. डॉक्टरीणबाई वळणावर कठडा धरून उभ्या होत्या. मुकादम हसला. माझ्या बोटांवर एकशे वीस झाले. एकशे सव्वीस. पुढच्या चार आम्ही कधी चढलोच नव्हतो. त्या मी डोळे मिटून ऐकल्या, एक, दोन, तीन, चार, आणि मग केबिनचं दार उघडल्याचा करकर आवाज.

काही वेळानं डॉक्टरीणबाई वर पोचल्या. खालच्या लोकांना सावध करायला केबिनमध्ये माईक आणि भोंगा असतो. त्यातून जाऊबाईंचा आवाज आला, "बाई, आधी तुमची नाडी बघा. माझी ठीक आहे." यार्डभर हशा उसळला.

"उतरा आता," डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, धापा टाकत. "पास आहात."

"गाणं संपू दे."

त्यांनी फोन माईकपुढे धरला असावा, कारण शेवटचं कडवं अख्ख्या यार्डावर पसरलं. जाड आवाजाच्या त्या बाई वरच्या पट्टीत गेल्या, आणि पाळीला आलेली माणसं हातातले डबे घेऊन जागच्या जागी उभी राहिली. कुठेही न अडता गाणं शेवटपर्यंत वाजलं.

मग भोंगा पुन्हा खरखरला. "मौनीबाई, चार पायऱ्या पोचल्या म्हणून सांग तुझ्या देवाला."

सातला अजून दहा मिनिटं होती. मी दोन्ही हात वर केले.