आठच्या ठोक्याला दोन गोळ्या

मी घड्याळजींचा चिमटा बोलतोय. बोटभर लांब, पोलादी, टोकाला सुईसारखा. चाळीस वर्षं त्यांच्या चिमटीत नांदलो. काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "अहो, जेवताना तरी त्या मेल्याला खाली ठेवा!"

मग हातात कंप शिरला. डॉक्टरांनी कंपवाताची गोळी दिली आणि हात असा ताळ्यावर आला, की केसाएवढी स्प्रिंग मी पुन्हा एका दमात उचलू लागलो.

पुढे त्यांना थकवा जाणवू लागला. मेहुणीनं लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. "ताकदीच्या आहेत हो भाऊजी, औषध थोडंच आहे?" म्हणून डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही. पाकिटं दुकानात, माझ्याच खणात. घड्याळजी वेळेचे पक्के. आठचा ठोका पडला की दोन्ही गोळ्या एका घोटात.

महिन्याभरात कंप परतला. मधे लोहाचं पाकीट संपलं, तेव्हा चार दिवस हात शांत. "हवा मानवली," ते खुशीत म्हणाले. नवं पाकीट आलं, पुन्हा थरथर. मला उमगलं होतं. लोहाची गोळी म्हणजे आमच्याच लोखंडाच्या कुळातली! पण चिमट्याला दोन टोकं असतात, जीभ नसते.

एकदा गिऱ्हाइकाच्या दिवंगत वडिलांचं घड्याळ उघडलं होतं. हात हलला, स्प्रिंग माझ्याच टोकात मोडली. गिऱ्हाइकानं मोडकं घड्याळ रुमालात बांधून नेलं, तेच त्यांना लागलं. "बास झालं," म्हणत त्यांनी भिंग उतरवलं. पंधरवड्यात दुकान दुसऱ्याचं झालं. मी तेवढा खिशात उरलो.

नंतर काकू दोन्ही पाकिटं आणायला गेल्या, तेव्हा औषधवाल्यानं सहज विचारलं, "दोन्ही एकदम घेतात?"

"तर! मिनिट इकडचं तिकडे नाही."

"अहो काकू, लोह त्या गोळीला पोटातच अडवतं, पुरती लागू पडू देत नाही. डॉक्टरांना आजच विचारा."

डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या काही तासांच्या अंतरानं घ्यायला सांगितल्या. तुम्हीही दवाखान्यात जाल तेव्हा ताकदीच्या गोळ्यांचं पाकीट सोबत न्या, एवढंच मागणं.

कालचं सांगून थांबतो. घड्याळजींनी मला काढलं, टेबलावरचा साखरेचा एक कण उचलला. हात हलला नाही. डोळे चमकले.

"अगं, घरात एखादं बंद घड्याळ असेल बघ."

काकू म्हणाल्या, "तुमच्या घरात बंद घड्याळ कुठून असणार?"

त्यांनी मला पुसलं आणि खिशात ठेवलं.